दहातली चार

झुळूक गाडीचं इंजिन वीस वर्षं चालेल, असं कंपनीतर्फे सरकारला ज्या चौघांनी सही करून कळवलं, त्यांत शर्वाणी रावराणे होती. ती तेव्हा तीस वर्षांची होती आणि चाकणच्या कारखान्यात इंजिन किती टिकेल याचा अंदाज बांधणाऱ्या विभागात काम करत होती.

त्या काळात धातू फार महाग झाले होते. विजेवरच्या गाड्या मोठ्या शहरांत दिसायच्या, पण त्यांच्या बॅटऱ्या गावाकडच्या माणसाच्या आवाक्याबाहेर गेल्या होत्या. तालुक्यांत आणि खेड्यांत अजून इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरच्या लहान गाड्याच धावत. दर दहा वर्षांनी अशा लाखो गाड्या भंगारात काढणं देशाला परवडेना, तेव्हा कायदा आला: पेट्रोलची नवी गाडी विकायची असेल, तर तिच्या इंजिनाची वीस वर्षांची हमी द्यावी लागेल.

एवढी वर्षं इंजिन टिकवायचं म्हणजे काय, हे शर्वाणी घरच्यांना सोप्या शब्दांत सांगायची. इंजिनाच्या पोटात क्रँक नावाचा एक दांडा फिरतो. तो ज्या कड्यांमध्ये फिरतो, त्या बेअरिंगला तो खरं तर टेकतच नाही. दोहोंमध्ये तेलाचा एक पापुद्रा असतो, केसाहूनही पातळ. त्या पापुद्र्यावर दांडा तरंगतो. पण तेल तापून पातळ झालं, गाडीत ओझं भरलं आणि चढावर इंजिन कुंथायला लागलं, की पापुद्रा फाटतो आणि धातू धातूला घासतो. असं दर वेळी थोडं थोडं झिजत जातं. फारच घासलं तर बेअरिंग क्रँकला पकडतं आणि इंजिन जागच्या जागी जाम होतं.

हे टाळायचे दोन मार्ग होते. क्रँक जाड करायचा, बेअरिंग रुंद करायचं, म्हणजे थोडं घासलं तरी बिघडत नाही. जुन्या गाड्या अशाच असत. पण त्यात धातू जास्त लागतो. दुसरा मार्ग शर्वाणीच्या विभागानं शोधला. बेअरिंगच्या पाठीला तांदळाच्या दाण्याएवढा सिरॅमिकचा तुकडा बसवला. पापुद्रा फाटण्याआधी धातूतून एक बारीक आवाज निघतो, माणसाला ऐकू न येणारा. तो या तुकड्याला ऐकू येई. लगेच गाडीतला संगणक इंजिनाचा जोर कमी करी. चालकानं पेडल कितीही दाबलं तरी इंजिन घासण्याइतका जोर लावतच नसे. या यंत्रणेला त्यांनी ‘राखण’ असं नाव दिलं.

राखण आली आणि क्रँक बारीक झाला. बेअरिंग अर्ध्यावर आलं. ब्लॉकच्या भिंती पातळ झाल्या. गाडी हलकी, स्वस्त आणि पेट्रोलला काटकसरी झाली. विभागप्रमुख हर्डीकर म्हणायचे की धातूला सांगून कळत नाही, राखणीला कळतं. त्या वर्षी त्यांच्या विभागाला कंपनीचं मोठं पारितोषिक मिळालं. पहिल्याच खेपेतली एक पांढरी झुळूक शर्वाणीनं वैभववाडीजवळच्या आपल्या घरी पाठवून दिली.

घरी वडील होते, नाना. त्यांचा काजू फोडण्याचा छोटा कारखाना होता आणि धाकटा भाऊ रुपेश तो आता सांभाळायचा. आई शर्वाणीच्या लग्नाआधीच गेली होती. पुढे शर्वाणीचं लग्न मोडलं, तेव्हा पुण्याला येऊन महिनाभर तिच्यापाशी राहिला तो रुपेशच. दोघं भांडत, पण आठवड्यातून दोनदा फोन ठरलेला. ती पुण्याची मराठी बोले, तो मालवणी, आणि मध्येच तीही मालवणीवर येई.

पहिली चार-पाच वर्षं गाडीबद्दल कोणाची तक्रार नव्हती. मग एक गोष्ट लोकांच्या लक्षात यायला लागली. झुळूक बिघडत नव्हती, पण जुनी होत गेली तशी चढावर हळू होत गेली. इंजिन जसं वापरलं जाई तशी राखण जास्त सावध होई. सपाटीवर काही कळत नसे. घाटात मात्र, उन्हाळ्याच्या दुपारी, सायकलवाला पुढे निघून जाई. इतर कंपन्यांनीही तोच मार्ग धरला होता, त्यामुळे रस्त्यावरच्या बहुतेक लहान गाड्यांची हीच गत होती. वैभववाडीहून कोल्हापूरला चढणाऱ्या करूळ घाटाच्या पायथ्याशी चहाच्या टपऱ्यांची रांग उभी राहिली. उन्हं उतरेपर्यंत गाड्या तिथं थांबत, लोक झाडांखाली आडवे होत आणि गारवा आला की वर निघत. कोणी कोल्हापूरला लग्नाला निघालं की आदल्या दिवशीच घाट चढून जाई. लोक या गोष्टीवर हसत आणि तिला सरावतही. बदल्यात त्यांना न बिघडणारी गाडी मिळाली होती.

कंपनीत तक्रारी येत. हर्डीकर त्या शर्वाणीकडे पाठवत आणि ती उत्तर देई की गाडी ठरल्याप्रमाणेच चालते आहे. ते खरंच होतं.

गाडी नऊ वर्षांची झाली, त्या मे महिन्यात शर्वाणी चार दिवसांसाठी घरी आली होती. दुपारी जेवण उरकून नाना पडवीत बसले होते. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि डाव्या खांद्यात कळ येते म्हणाले. त्यांचा चेहरा घामानं भरला. तालुक्याच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम पाहिला, इंजेक्शन दिलं आणि ताबडतोब कोल्हापूरला न्यायला सांगितलं. रक्तवाहिनी बंद झाली होती, ती तिथंच उघडता येणार होती. जेवढा वेळ जाईल तेवढं हृदय मरत जाईल, असं त्यांनी रुपेशला बाजूला घेऊन सांगितलं. रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन कणकवलीकडे गेली होती. तिची वाट बघण्यापेक्षा घरची गाडी बरी, असं तिघांनाही वाटलं. रुपेशची बायको प्रणिता मुलांपाशी थांबली. नानांना मागच्या सीटवर आडवं केलं. शर्वाणी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

पायथ्याच्या टपऱ्यांपाशी गाड्या नेहमीसारख्या थांबलेल्या होत्या. त्यातल्या कोणाची मदत मागावी तर सगळ्या तसल्याच. रुपेश न थांबता घाटात शिरला. एसी आधीच बंद केला होता. पहिल्या दोन वळणांपर्यंत गाडी बरी चढली. मग आवाज बारीक झाला आणि वेग उतरत गेला. रुपेशनं पेडल तळाला टेकवलं होतं. समोरच्या पडद्यावर हिरवी अक्षरं आली: इंजिन सुरक्षित आहे.

एका बाजूला दरीकडचा अर्धा रस्ता दुरुस्तीसाठी खणलेला होता. वरून एखादं वाहन आलं की थांबून वाट द्यावी लागे, आणि थांबलेली गाडी पुन्हा चालू लागायला आणखी वेळ घेई. मागून वर जाणारं मोठं वाहन एकही येत नव्हतं. रुपेश आरशातून मागे बघत होता. मग म्हणाला, “ताई, ही राखण तुका बंद करूक येता मा?”

तिला येत होतं. रस्त्यावरच्या चाचण्यांसाठी विभागातल्या लोकांच्या फोनमध्ये ती सोय दिलेली असे. फोन तिच्या हातातच होता.

“येते,” ती म्हणाली.

“मगे कर.”

शर्वाणीनं हिशोब केला. दुसरं काही तिला त्या क्षणी सुचलं नाही, कारण आयुष्यभर तिनं तेच केलं होतं. गाडी नऊ वर्षांची. तेल तापलेलं. बेअरिंग मुळातच अरुंद, राखण आहे म्हणून अरुंद केलेलं. राखण काढली तर इंजिन पूर्ण जोर लावील आणि निम्म्याहून जास्त शक्यता अशी की माथा येण्याआधी ते जाम होईल. मग अर्धा रस्ता खणलेल्या घाटात, भर उन्हात, नानांना घेऊन ती दोघं अडकतील आणि मागचापुढचा रस्ताही बंद होईल. हळू का होईना, गाडी पोचणार हे नक्की होतं.

तिनं हे त्याला सांगितलं. सांगताना ती कंपनीतल्या बैठकीत बोलावं तसं बोलली, शुद्ध आणि नेमकं.

रुपेशनं फक्त विचारलं, “नक्की?”

“हो. अशानं आपण निदान पोचू.”

ताई हे इंजिन बनवणाऱ्यांतली होती, आणि लहानपणापासून तिनं सांगितलेली गोष्ट चुकीची निघालेली त्याला आठवत नव्हती. त्यानं दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि बसल्या बसल्या पुढे झुकून गाडी ढकलल्यासारखा बसून राहिला.

वरच्या एका वळणावर नानांनी डोळे उघडले. “घाट सरलो?” त्यांनी विचारलं.

“सरत इलो, नानानू,” रुपेश म्हणाला. घाट अजून निम्मा बाकी होता.

माथ्यावरच्या गगनबावड्याच्या अलीकडे नानांचा हात शर्वाणीच्या हातातून सुटला. ती त्यांची छाती दाबत राहिली. गावात पोचल्यावर डॉक्टर धावत गाडीपाशी आले, त्यांनीही प्रयत्न केले आणि मग थांबले. इंजिन अजून चालू होतं. रुपेशनं ते बंद केलं नव्हतं.

तेराव्यापर्यंत रुपेश तिच्याशी कामापुरतं बोलला. तिला पुण्याला जायला गाडीत बसवून देताना म्हणाला की तिचं चुकलं असं त्याचं म्हणणं नाही. ते त्यानं इतक्या सावकाश उच्चारलं की तिला ते पाठ केल्यासारखं वाटलं. आठवड्याचे दोन फोन बंद झाले. ती करी तेव्हा प्रणिता उचले आणि मुलांचं, काजूचं सांगे.

शर्वाणीनं कामावर परत गेल्यावर जुन्या तक्रारी काढून नव्यानं वाचल्या. कोणाची बाळंतीण घाटात अडकली होती, कोणाला साप चावलेला होता. प्रत्येकाला तिचं उत्तर गेलं होतं. जाम झालेलं इंजिन कारखान्यात परत येई, त्याची नोंद होई. उशिरा पोचलेल्या माणसाची कुठेच नोंद होत नव्हती. ती हर्डीकरांकडे गेली आणि म्हणाली की निदान चालकाला निवड तरी द्या, संकटात राखण बाजूला करण्याची. हर्डीकरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. नानांच्या तेराव्याला ते स्वतः वैभववाडीला येऊन गेले होते. पण ते म्हणाले, “निवड दिली की लोक लग्नाला उशीर झाला म्हणूनही ती वापरतील. मग घाटात जी गाडी जाम होईल, तिच्या मागे दुसऱ्या कोणाचा बाप असेल. तो तुझ्या हिशोबात धरायचा की नाही?”

तरी ती हटली नाही. शेवटी, आधी चाचणी तरी करू, असं ठरलं. नऊ-दहा वर्षं रस्त्यावर चाललेली दहा इंजिनं आणली. प्रत्येक इंजिन चाचणीच्या बैठकीवर बसवलं, तेल मे महिन्याइतकं तापवलं, घाटाइतकं ओझं दिलं आणि राखण काढून टाकली. काचेपलीकडे उभी राहून शर्वाणी एकेक इंजिन बघत होती. आधी एक खरखर येई, मग बारीक किंचाळी, आणि क्रँक जागीच थांबे. माथा येण्याइतका वेळ होण्याआधी सहा इंजिनं जाम झाली. चार चालत राहिली.

तिचा घाटातला अंदाज बरोबर निघाला होता. त्या संध्याकाळी तिनं रुपेशलाच फोन लावला, प्रणिताला नाही. त्यानं उचलला. तिनं सांगितलं की चाचणीत दहातली सहा इंजिनं माथ्याआधीच जाम झाली, आपण खरोखरच अडकलो असतो. तिच्या आवाजात सुटकेची भावना होती आणि ती तिला लपवता आली नाही.

मग त्यानं विचारलं, “आनि चार?”

“चार चालली. पण रुपेश, सहा म्हणजे…”

“समाजला,” तो म्हणाला. आणि तिला वाटलं, खरंच समजलं असावं. कारण त्यानंतर तो फोन उचलायला लागला. दिवाळीला तिनं मुलांना कपडे पाठवले तेव्हा तो थोडा हसलाही. सहा हा आकडा त्या दोघांमध्ये आधारासारखा उभा होता.

वृत्तपत्रांत घाटातल्या मृत्यूंच्या बातम्या यायला लागल्या तशी सरकारनं विचारणा केली आणि कंपनीला निवड द्यावीच लागली. जुन्या-नव्या सगळ्या गाड्यांच्या पडद्यावर ‘तातडी’ नावाचं लाल बटण आलं. ते दाबलं की आधी इशारा येई: इंजिन जाम होण्याची शक्यता आहे, हमी रद्द होईल, पुढे जायचं का? हा मजकूर शर्वाणीनंच लिहिला. पहिल्या तीन महिन्यांतच आंबोलीत, करूळला, कुंभार्लीत जाम झालेल्या गाड्यांच्या मागे रांगा लागल्या. बहुतेकांना कसलंच संकट नव्हतं. एका रांगेत रुग्णवाहिका अडकली आणि तिच्यातली बाई गेली. हर्डीकरांनी ती बातमी शर्वाणीच्या टेबलावर ठेवली आणि ते निघून गेले.

नानांच्या वर्षश्राद्धाला ती घरी गेली. सगळं नीट पार पडलं. मुलं तिच्या अंगाखांद्यावर खेळली. दुसऱ्या दिवशी तिला कोल्हापूरची गाडी गगनबावड्यावरून धरायची होती आणि रुपेश म्हणाला, मी सोडतो. ती तीच पांढरी झुळूक होती. जेवणं झाल्या झाल्या दोघं निघाली. पायथ्याला टपऱ्यांपाशी थांबू, उन्हं उतरू देत, असं तिनं सुचवलं. त्यानं मान हलवली, पण गाडी थांबवली नाही.

दोन वळणांनंतर गाडी मंदावली. हिरवी अक्षरं आली. रुपेशनं उजवा हात स्टिअरिंगवर ठेवला आणि डाव्या हाताचं बोट लाल बटणावर धरलं.

“नको,” शर्वाणी म्हणाली. “कोणी मागे अडकेल. रुपेश, नको करू.”

मागे रस्ता मोकळा होता. तो त्यानं आरशात आधीच पाहिला होता. त्यानं बटण दाबलं. पडद्यावर तिचंच वाक्य उमटलं आणि त्यानं हो म्हटलं.

झुळूक गुरगुरली आणि उसळून पुढे गेली. इतक्या वर्षांत या गाडीचा असा आवाज दोघांनी ऐकला नव्हता. वळणं भराभर मागे पडायला लागली. शर्वाणीनं दाराची कड घट्ट धरली आणि ती कान देऊन ऐकू लागली. खरखर कधी येते, याची ती वाट बघत होती. तिनं आयुष्याची सतरा वर्षं इंजिन जाम होऊ नये म्हणून घालवली होती, आणि आता ती मनातल्या मनात त्याला विनवत होती: हो जाम. इथंच हो. या वळणावर हो. नाना जिथं घाट सरलो का म्हणाले होते, ते वळण आलं आणि गेलं. ‘सहातलं हो,’ ती म्हणत होती. इंजिन तापलेल्या तव्यासारखं झालं होतं, वास येत होता, पडद्यावरची अक्षरं लाल झाली होती. पण क्रँक फिरत होता.

माथा आला. रुपेशनं गाडी कठड्याशी घेतली आणि किल्ली फिरवली. इंजिन शांतपणे बंद झालं. खाली कोकण उन्हात पांढुरकं दिसत होतं.

तो समोर बघत म्हणाला, “इतकोच येळ लागलो आसतो.”

शर्वाणीला सांगायचं होतं की एका इंजिनावरून काही ठरत नाही, त्या दिवशी उष्मा जास्त होता, गाडीत तिसरं माणूस होतं, रस्ता खणलेला होता. यातलं प्रत्येक कारण खरं होतं.

“मीया तुझो फोन हिसकावून घेऊचो व्हतो,” रुपेश म्हणाला. “हात पुढे केललो. मगे वाटला, ताईक समाजता.” त्याचा आवाज चढला नव्हता. त्याला तिच्यावर राग धरता आला असता तर बरं झालं असतं, हे तिला कळत होतं. पण आता तो राग तिच्यावर राहिला नव्हता.

तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं तो झटकला नाही, पण हलकेच बाजूला केला आणि उतरला. डिकीतून तिची बॅग काढली, तिच्यापाशी ठेवली आणि किल्ली तिच्या हातात दिली. गाडी तू घेऊन जा, तो म्हणाला, घरी ती नको. खाली जायला एस.टी. येईलच. मग तो थांब्याच्या शेडकडे चालत गेला आणि तिच्याकडे पाठ करून बाकावर बसला.

शर्वाणी बराच वेळ गाडीपाशी उभी होती. एस.टी. आली, तो चढला, खिडकीशी बसला. एस.टी. वळणाआड जाईपर्यंत त्यानं मागे पाहिलं नाही.

मग ती चालकाच्या जागेवर बसली आणि तिनं किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं. तिनं गाडी कोल्हापूरच्या रस्त्याला घेतली. पुढे सगळी सपाटी होती आणि झुळूक अगदी छान चालत होती.